बातमीत दोन आकडे हवेत

मा. संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

खानदेशातील एका शासकीय रुग्णालयातील रात्रपाळीविषयीची एक बातमी गेल्या पंधरवड्यात आपल्या दैनिकात वाचली. रुग्णाच्या नातेवाइकांनी तीन वेळा बोलावूनही परिचारिका खाटेजवळ आली नाही, सलाईन संपून बाटली रिकामी लटकत राहिली आणि शेवटी नातेवाइकांनीच नळी बंद केली, असा तिचा आशय होता. मी त्या रुग्णालयात काम करीत नाही, त्या परिचारिकेला ओळखतही नाही, त्यामुळे तिची बाजू मांडण्याचा मला अधिकार नाही. मात्र गेली २४ वर्षे मी खानदेशातच वेगवेगळ्या शासकीय रुग्णालयांत अधिपरिचारिका म्हणून नोकरी करते आहे, आणि ती बातमी मी दोनदा वाचली. रुग्णाचे वय होते, गाव होते, बाटली संपल्याची वेळ होती, नातेवाइकांचे म्हणणे होते, चौकशी करू असे प्रशासनाचे उत्तरही होते. त्या रात्री त्या वॉर्डात रुग्ण किती होते आणि परिचारिका किती होत्या, एवढेच तेवढे नव्हते. या दोन आकड्यांविषयीच हे पत्र आहे आणि ते थोडे लांबणार आहे, त्याबद्दल आधीच क्षमा मागते.

हे आकडे शोधण्यासाठी बातमीदाराला फार धावाधाव करावी लागणार नाही, कारण त्यांतला एक आकडा आम्ही रोज स्वतःच्या हाताने लिहितो. रुग्णालयात प्रत्येक वॉर्डाचा हिशेब रात्री बारा वाजता मिटवतात. त्या वेळी रात्रपाळीची सिस्टर सेन्ससचे रजिस्टर उघडते आणि काल रात्रीचे शिल्लक रुग्ण किती, दिवसभरात नवीन भरती किती, सुट्टी किती, दुसरीकडे पाठवलेले किती, मृत्यू किती आणि आता प्रत्यक्षात वॉर्डात किती, हे मांडते. बेरीज जुळली नाही तर हातात बॅटरी घेऊन पुन्हा एकदा खाटा मोजायच्या, व्हरांड्यात गाद्या टाकल्या असतील तर त्याही मोजायच्या. दुसरा आकडा ड्यूटी लिस्टवर असतो आणि ती लिस्ट अधिसेविकांच्या, म्हणजे मेट्रनच्या, कार्यालयात भिंतीवर लावलेली असते. दोन्ही आकडे शासनाच्याच कागदावर आहेत. फक्त ते एकमेकांशेजारी ठेवून कुणी वाचत नाही.

ते शेजारी ठेवले की काय दिसते, हे माझ्याच एका रात्रीवरून सांगते. सहा वर्षांपूर्वीची ही गोष्ट, आखाजीच्या म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या आदल्या रात्रीची. पुरुषांच्या मेडिसिन वॉर्डात माझी नाइट होती. वॉर्ड ३० मंजूर खाटांचा, रुग्ण ४६. सोळा जण खाली गादीवर होते. वैशाखातल्या खानदेशची रात्र कशी असते हे आपल्या वाचकांना सांगायला नको. बारा वाजले तरी भिंतीला हात लावला की पोळत होता. परिचारिका मी एकटी. मावशी एक, पण ती माझ्या आणि शेजारच्या वॉर्डात मिळून एक. मामा म्हणजे कक्षसेवक तळमजल्यावर अपघात विभागात बसवलेले, कारण त्या रात्री महामार्गावर अपघात होऊन जखमी आलेले होते.

रात्रपाळी आठ ते आठ, म्हणजे १२ तासांची, ७२० मिनिटांची. त्यांना ४६ ने भागले तर एका रुग्णाच्या वाट्याला साडेपंधरा मिनिटे येतात. हा हिशेब परिचारिकेने रात्रभर एकदाही खाली बसायचे नाही, पाणी प्यायचे नाही, लघवीला जायचे नाही, संध्याकाळच्या सिस्टरकडून ओव्हर, म्हणजे रुग्णांची माहिती आणि कामाचा ताबा, घेण्यात वेळ घालवायचा नाही आणि एकही अक्षर लिहायचे नाही, असे गृहीत धरून केलेला आहे. आता या साडेपंधरा मिनिटांत काय बसवायचे ते पाहा. ताप, नाडी, श्वास आणि रक्तदाब नीट पाहून लिहायला घाई केली तरी चार मिनिटे लागतात. ४६ जणांचे एकदा करायचे तर तीन तास, रात्रीतून दोनदा करायचे तर सहा तासांहून अधिक. रात्र तिथेच निम्मी संपली. अर्धा लिटर सलाईन चार तासांत जायला हवे असेल तर नेहमीच्या सेटमधून मिनिटाला साधारण ४२ थेंब पडायला हवेत; ते घड्याळासमोर उभे राहून मोजावे लागतात आणि रुग्णाने हात दुमडला की पुन्हा मोजावे लागतात. सिकलसेलच्या रुग्णाला रक्त चढवायचे असेल तर पिशवी लावल्यावर पहिली १५ मिनिटे परिचारिकेने खाटेजवळच थांबायचे असते, कारण रिअॅक्शन आली तर ती बहुधा याच वेळात येते आणि थंडी वाजून अंग थरथरायला लागले की लगेच पिशवी बंद करावी लागते. ज्या रुग्णाला रक्त लावले त्याच्या वाट्याची अख्खी रात्र त्या पंधरा मिनिटांतच सरते. त्याला बाकी रात्रभर मी जे काही देते ते दुसऱ्या कुणाच्या तरी वाट्याचे असते.

पावसाळ्यात सर्पदंशाचे रुग्ण येतात, तेव्हाही असेच होते. चावलेला साप घोणस की फुरसे की मण्यार हे अंधारात कुणी पाहिलेले नसते. मग कोरड्या स्वच्छ काचेच्या नळीत दोन मिली रक्त घ्यायचे, ती न हलवता २० मिनिटे ठेवायची आणि मग तिरपी करून रक्त गोठले की नाही ते बघायचे. नळी ठेवल्याची वेळ मी हातावर पेनाने लिहून ठेवते, कारण त्या वीस मिनिटांत दुसरीकडे कुठे अडकले तर विसर पडू नये. प्रतिविष सुरू केले की पुन्हा रिअॅक्शनसाठी खाटेजवळ थांबणे आलेच. यातले एकही काम मावशीला किंवा नातेवाइकाला सांगून होण्यासारखे नाही.

आखाजीच्या त्या रात्री एक चाळीसला एक विशीतला मुलगा आला. फवारणीचे औषध पोटात गेलेले, तोंडाला फेस, अंग घामाने भिजलेले, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या. अशा रुग्णाला अॅट्रोपिन द्यावे लागते आणि सुरुवातीला दर पाच मिनिटांनी बाहुल्या, नाडी आणि छातीतला आवाज पाहून पुढचा डोस ठरवावा लागतो. ड्यूटीवरचे डॉक्टर माझ्यासोबत होते. ते छाती तपासत होते, मी औषध भरत होते, सक्शनने घशातला फेस ओढून काढत होते आणि प्रत्येक डोसची वेळ कागदावर टाकत होते. त्या मुलाची आई पायथ्याशी उभी राहून त्याची पावले घट्ट धरून होती.

त्याच वॉर्डात दाराकडून दुसऱ्या ओळीत ६८ वर्षांचे एक बाबा होते. तापीकाठच्या गावचे शेतकरी, उन्हाने आजारी पडून आलेले, अंगात त्राण नाही, हाताला सलाईन. त्यांचा मुलगा सव्वादोनला माझ्याकडे आला आणि म्हणाला, "ताई, मना बापले एकदाव दखी ल्या ना, लघवीले उठतंस." मी मान वर न करता "आलेच, त्यांना उठू देऊ नका" असे सांगितले. अडीचला तो पुन्हा आला. मी पुन्हा तेच सांगितले. लघवीचे भांडे दुसऱ्या रुग्णाला दिलेले होते आणि मावशी शेजारच्या वॉर्डात होती. तेव्हा तो मुलगा मामांना शोधायला खाली गेला. बापाचा हात सोडून जाणे त्याला भाग पडले, याला माझ्या मते मीच कारण आहे. दोन पन्नासच्या सुमारास लोखंडी स्टँड फरशीवर आपटल्याचा आवाज आला. बाबा स्टँडला धरून स्वतःच निघाले होते आणि त्या स्टँडचे एक चाक अडकत होते. आवाज आला तेव्हा अॅट्रोपिनचे इंजेक्शन माझ्या हातात होते आणि सुई त्या मुलाच्या शिरेत होती. मी ते पूर्ण दिले, वेळ लिहिली आणि मग धावले. बाबांचा उजवा पाय आखूड दिसत होता आणि पाऊल बाहेरच्या बाजूला वळलेले होते. एक्सरे काढायच्या आधीच कळले की खुब्याचे हाड मोडले आहे.

फवारणीचे औषध पोटात गेलेला तो मुलगा वाचला. बाबांचे ऑपरेशन झाले.

चौथ्या दिवशी एका वर्तमानपत्रात बातमी आली की, परिचारिकेला दोनदा बोलावूनही ती आली नाही आणि वृद्ध रुग्ण पडून जायबंदी झाला. संपादक महोदय, त्या बातमीतले एकही वाक्य खोटे नव्हते. मला दोनदा बोलावले होते आणि मी गेले नव्हते. मला कारणे दाखवा नोटीस मिळाली, तीन दिवसांत खुलासा मागवला गेला. मी खुलाशात सेन्ससचा आकडा लिहिला, अॅट्रोपिनच्या वेळांची यादी जोडली, त्या पाळीत मी एकटी होते हेही लिहिले. खुलासा मान्य झाला, नोटीस मागे घेतली गेली आणि तो कागद फाइलमध्ये गेला. बातमी मात्र गावभर गेली होती. माझ्या माहेरी, चोपडा तालुक्यातल्या एका गावात, कुणीतरी ते कात्रण माझ्या भावाला दाखवले. आखाजीला लेकी माहेरी येतात तशी मीही त्या वर्षी आखाजीनंतर का होईना, सुट्टी मिळाली तर जाणार होते, गेले नाही.

साधारण दोन महिन्यांनी ते बाबा हाडांच्या ओपीडीत तपासणीसाठी आले होते, वॉकर धरून हळूहळू चालत. मुलाने मला व्हरांड्यात ओळखले आणि मान वळवली. मीच त्याच्याकडे गेले, बाबांची चौकशी केली आणि मग न विचारता सांगून टाकले की त्या रात्री ४६ जण होते, मी एकटी होते, आणि तुम्ही बोलावत होतात तेव्हा समोर असा असा रुग्ण होता. तो थोडा वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "ताई, हाई तव्हय काब्र नही सांगं?" (हे तेव्हाच का नाही सांगितलं?) मी त्याला काय सांगणार होते? शासकीय कर्मचाऱ्याने परस्पर वर्तमानपत्राकडे जायचे नसते, १९७९ चे वर्तणूक नियम आम्हाला नोकरीच्या पहिल्याच वर्षी समजावून सांगितले जातात. पण त्याचा प्रश्न माझ्या मनातून गेला नाही. बाप पडला याचा राग त्याला यायलाच हवा होता. त्या रागाला योग्य पत्ता मिळाला नाही, कारण तो पत्ता ज्या दोन आकड्यांत होता ते त्याला कुणी दिलेच नव्हते.

रात्री एकच परिचारिका का असते, असे लोक मला नेहमी विचारतात. भरती होत नाही हे एक उत्तर आहे आणि ते खरे आहे. पण भरती पूर्ण झाली तरी काय होईल, हा हिशेबही वाचकांपुढे यायला हवा. भारतीय परिचर्या परिषदेने सामान्य रुग्णालयांसाठी पाच खाटांमागे एक परिचारिका असे प्रमाण सांगितलेले आहे, अध्यापन रुग्णालयासाठी तीन खाटांमागे एक, आणि रजांसाठी ३० टक्के पदे वेगळी धरायला सांगितली आहेत. वाचणाऱ्याला वाटते की पाच रुग्णांसाठी सदैव एक सिस्टर हजर असणार. तसे नाही. हे प्रमाण लावले जाते ते एकूण पदांना. म्हणजे ३० खाटांच्या वॉर्डाला सहा परिचारिका, रजेच्या मिळून आठ. आता आठवड्याचे तास असतात १६८. एका परिचारिकेचे कामाचे ४८ तास धरले तर एकच जागा चोवीस तास भरलेली ठेवायला साडेतीन माणसे लागतात; त्यात आजारपण, अर्जित रजा, प्रशिक्षण आणि १८० दिवसांची प्रसूती रजा आली की हा आकडा पाचाच्या जवळ जातो. आठ माणसांत अशा दोन जागासुद्धा पुऱ्या भरत नाहीत. सकाळी डॉक्टरांचा राउंड, तपासण्या, ड्रेसिंग, सुट्ट्या हे सगळे असल्यामुळे वॉर्डाच्या प्रमुख असलेल्या परिसेविका त्या पाळीला दोन-तीन जणी लावतात, आणि त्यांना तसे करावेच लागते. मग कात्री रात्रीलाच लागते.

याच्याही पुढची गोष्ट अशी की हे प्रमाण मंजूर खाटांवर काढले जाते, माणसांवर नाही. गादीवर झोपलेल्या सोळा जणांसाठी कोणत्याही कागदावर परिचारिका नाही. आणि ही गर्दी काही अपवादाची नाही, ती या मुलखाच्या रचनेतूनच येते. धडगाव, अक्कलकुवा भागातल्या पाड्यांवरून आजही रुग्णाला बांबूच्या झोळीत घालून डांबरी रस्त्यापर्यंत आणावे लागते, नर्मदेकाठच्या काही पाड्यांवरून तर आधी बोटीने. त्या माणसाला प्राथमिक आरोग्य केंद्रातून ग्रामीण रुग्णालयात आणि तिथून मोठ्या रुग्णालयात पाठवतात, आणि तो आमच्या दारात पोचतो तोपर्यंत बहुधा रात्र झालेली असते. सीमेपलीकडून, खेतिया आणि सेंधव्याकडूनही रुग्ण येतात. मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर या दोन महामार्गांवरचे अपघात येतात. खाट नाही म्हणून आम्ही कुणाला परत पाठवत नाही आणि पाठवूही नये. सातपुड्यातून आलेल्या पावरी किंवा भिली बोलणाऱ्या बाईला नेमके काय होते आहे हे समजून घ्यायलाच दहा मिनिटे जातात, कारण तिची भाषा मला नीट येत नाही आणि सोबतच्या माणसाला माझी येत नाही. त्या दहा मिनिटांबद्दल माझी तक्रार नाही. ती दहाची वीस व्हायला हवीत असे माझे मत आहे.

कागदावरची आणि वॉर्डातली संख्या वेगळी असण्याची आणखीही कारणे आहेत. एखादी परिचारिका पगाराला आमच्याकडे असते आणि प्रतिनियुक्तीवर दुसरीकडे काम करीत असते. कंत्राटी मुलींचा करार संपतो आणि नवा होईपर्यंत जागा रिकामी राहते. काही जणींना ऑनलाइन नोंदी भरण्यासाठी कार्यालयात बसवलेले असते. यावर बरेच लिहून झालेले आहे, म्हणून इथे वाढवत नाही.

आता माझी मागणी. पहिली रुग्णालय प्रशासनाकडे आणि आरोग्य विभागाकडे आहे. प्रत्येक वॉर्डाच्या दाराशी एक साधा फळा असावा आणि त्यावर प्रत्येक पाळीच्या सुरुवातीला खडूने चार गोष्टी लिहाव्यात: मंजूर खाटा, प्रत्यक्ष रुग्ण, या पाळीतील परिचारिका आणि कक्षसेवक किंवा मावशी. कर्मचाऱ्यांची नावे लिहू नयेत, फक्त संख्या. बहुतेक वॉर्डांच्या दाराशी एक फलक आधीच लागलेला आहे. त्यावर लिहिलेले असते की वैद्यकीय कर्मचाऱ्यांवर हल्ला करणे हा २०१० च्या कायद्यानुसार अजामीनपात्र गुन्हा आहे आणि त्यासाठी तीन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. तो फलक असावा, मला स्वतःला एकदा त्याची गरज पडलेली आहे. पण आजारी माणसाला घेऊन आलेल्या नातेवाइकाला आम्ही दारातच शिक्षा किती होईल ते सांगतो आणि आत त्याच्या माणसाकडे बघायला किती जण आहेत ते सांगत नाही, हे मला पटत नाही. माहिती अधिकाराच्या २००५ च्या कायद्यातच, कलम ४ मध्ये, सरकारी कार्यालयांनी कुणी मागण्याची वाट न पाहता आपली माहिती स्वतःहून जाहीर करावी असे म्हटलेले आहे. खडूच्या चार ओळी त्यात सहज बसतात.

असा फळा लावला तर नातेवाईक घाबरतील, भांडतील, असे मला एका वरिष्ठांनी सांगितले. त्यांचा अनुभव माझ्याहून मोठा आहे, तरीही मला तसे वाटत नाही. नातेवाईक आजही मोजतातच. रात्रभर जागे असलेल्या माणसाला समोरून एकच सिस्टर इकडून तिकडे जाताना दिसत असते. बाकीच्या कुठेतरी आत झोपल्या असतील असा त्याचा समज होतो, कारण एवढ्या मोठ्या वॉर्डाला खरोखर एकच बाई ठेवली असेल यावर त्याचा विश्वास बसत नाही. मला स्वतःला कितीदा तरी विचारलेले आहे, "बाकीच्या मॅडम कुठे आहेत?" करोनाच्या काळात कोणत्या रुग्णालयात किती खाटा आणि किती व्हेंटिलेटर शिल्लक आहेत याचे आकडे रोज जाहीर होत होते. लोकांनी त्या आकड्यांचा उपयोगच केला. फळा असता तर त्या बाबांच्या मुलाने कदाचित त्यांचा हात सोडला नसता, शेजारच्या रुग्णाच्या नातेवाइकाला मदतीला घेतले असते, हेही मला वाटत राहते.

दुसरी विनंती आपल्याला आणि आपल्या तालुक्या-तालुक्यातल्या बातमीदारांना आहे. शासकीय किंवा खासगी, कोणत्याही रुग्णालयातील दुर्लक्षाची बातमी छापा, ती दाबू नका, पण तिच्यात त्या पाळीतील रुग्ण आणि परिचारिका हे दोन आकडे असल्याशिवाय ती पूर्ण झाली असे समजू नका. प्रशासनाने आकडे दिले नाहीत तर 'विचारूनही दिले नाहीत' असे छापा. हे मी परिचारिकांना पाठीशी घालण्यासाठी सांगत नाही. आमच्यातही कामचुकार आहेत, रुग्णाशी तोडून बोलणाऱ्या आहेत, आणि पाळीत तिघी असताना, रुग्ण दहा असताना कुणी हाकेला ओ देत नसेल तर तेही या आकड्यांनीच उघडे पडेल. तशा वेळी कारवाई झालीच पाहिजे आणि मी तिच्या बाजूने उभी राहीन. आज आकडे नसल्यामुळे ४६ रुग्णांत एकटी धावणारी आणि दहांमध्ये बसून राहणारी, दोघींची बातमी सारखीच छापली जाते.

दर वर्षी १२ मे रोजी, परिचारिका दिनाला, आपल्या दैनिकात फ्लॉरेन्स नाइटिंगेलचे हातात दिवा घेतलेले चित्र येते. ते चित्र आम्हाला प्रिय आहे. पण क्रिमियाच्या युद्धातून परतल्यावर त्या बाईने जे केले ते आमच्या दृष्टीने दिव्याइतकेच मोठे होते. लढाईतल्या जखमांपेक्षा रुग्णालयातल्या घाणीतून पसरलेल्या रोगांनी किती अधिक सैनिक मेले, हे तिने महिन्यामहिन्याचे आकडे मांडून, रंगीत आकृत्या काढून सरकारपुढे ठेवले आणि त्या आकड्यांपुढे सरकारला रुग्णालये सुधारावी लागली. लंडनच्या संख्याशास्त्राच्या संस्थेने तिला आपली पहिली महिला सदस्य करून घेतले ते त्यामुळेच. पुढच्या १२ मेच्या अंकात शुभेच्छांच्या जाहिरातींसोबत खानदेशातल्या तिन्ही जिल्ह्यांतील मोठ्या रुग्णालयांचे आदल्या रात्रीचे हे दोन-दोन आकडे छापता आले, तर आम्हा परिचारिकांना दुसरे काही नको.

त्या बातमीतल्या रिकाम्या बाटलीविषयी एक खुलासा करते, कारण त्यामुळे अनेक नातेवाईक रात्रभर जागे राहतात. सलाईन संपले की शिरेत हवा जाऊन माणूस दगावेल अशी भीती सर्वांना वाटते. बाटली रिकामी झाली की द्रव बहुतेक वेळा नळीतच थांबतो, कधी थोडे रक्त उलटे नळीत चढते, ते गोठते आणि सुई बंद पडते. मग ती काढून दुसरीकडे लावावी लागते. रुग्णाला त्याचा त्रास होतो, हे खरे आहे. चाकाची छोटी कळ खाली सरकवून नळी बंद करणे हे नातेवाइकाने अवश्य करावे आणि मग सिस्टरला सांगावे. त्या नातेवाइकांनी त्या रात्री केले ते बरोबरच केले.

वर सांगितलेल्या नियमांमुळे माझे आणि माझ्या रुग्णालयाचे नाव प्रसिद्ध करू नये, ही विनंती. दोन्ही आपल्या माहितीसाठी सोबतच्या वेगळ्या कागदावर लिहिलेली आहेत. आपल्या बातमीदाराला सेन्ससचे रजिस्टर आणि ड्यूटी लिस्ट कशी वाचायची हे समजून घ्यायचे असेल तर ते समजावून सांगायला मी तयार आहे. या आठवड्यात माझी नाइट आहे, त्यामुळे दुपारी चारनंतर फोन करावा.

आपली नम्र,
एक अधिपरिचारिका, खानदेश
(नाव व पत्ता संपादकांकडे)